खैरनार सरांचा चुकांचा वर्ग

मे महिन्यात नाशिकमधली शहाणी माणसं सकाळी दहाच्या आत कामं उरकतात आणि ऊन उतरेपर्यंत उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाहीत. खैरनार सर मात्र वर्षभर याच महिन्याची वाट बघत. लोक आंब्यासाठी मेची वाट बघतात, सर नववीतून दहावीत जाणाऱ्या मुलांसाठी. एप्रिल संपत आला की पंचवटीतल्या आमच्या शाळेच्या फाटकाला ते स्वतःच्या हाताने एक पुठ्ठा बांधत. तोवर शहरभर उन्हाळी वर्गांचे मोठाले फलक लागलेले असत. त्यांवर टाय घातलेली हुशार मुलं हसत असत, कुठे एसी वर्ग, कुठे टॅब फुकट. सरांच्या पुठ्ठ्यावर निळ्या स्केचपेनने एवढंच लिहिलेलं असे : 'गणिताचा उन्हाळी वर्ग. सकाळी सात ते नऊ. पास, नापास आणि घरच्यांनी हात टेकलेली मुले यांच्यासाठी. पंखा एक आहे.'

ते पंख्याचं वाक्य तेवढं काढा, असं मी एकदा सुचवून पाहिलं. सर म्हणाले, "बाई, आल्यावर कळणारच आहे. मग फाटकावरच सांगितलेलं बरं."

त्याच वर्गात नऊ ते दहा मी इंग्रजी शिकवायची. म्हणजे सरांनी पिळून झाल्यावर मुलांमध्ये जे काही उरे, ते माझं. नऊला वर्ग सुटणार असं पुठ्ठ्यावर असलं तरी सरांचं नऊ हे घड्याळातल्या नऊशी फारसा संबंध ठेवून नसे. मी रोज पंधरा-वीस मिनिटं हजेरीपट छातीशी धरून व्हरांड्यात उभी राहायची. त्या उभं राहण्यात मी आयुष्यात शिकले नव्हते तेवढं गणित शिकले, आणि सर काय चीज आहे तेही तिथेच कळत गेलं.

सर निवृत्त झालेले. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात निळं, लाल आणि हिरवं अशी तीन पेनं, त्यातलं निळं कधीच चालत नसे. हातात बारमाही काळी छत्री. हिरावाडीतल्या घरून शाळेपर्यंत ते चालत यायचे. गाडी त्यांनी घेतली नाही आणि कुणाच्या गाडीवर बसलेही नाहीत. दोन चाकांवर तोल सांभाळणं हा सर्कशीतला धंदा आहे, शिक्षकाने त्यात पडू नये, असं त्यांचं मत होतं. मी स्कूटी लावत असले की ते लांबूनच तिच्याकडे पाहत, शेजाऱ्यांच्या चावऱ्या कुत्र्याकडे पाहावं तसे.

ते मूळचे सटाण्याकडचे. वर्गात बोलताना असं धुतलेलं मराठी बोलत की इस्त्री मोडेल की काय अशी भीती वाटावी. पण फळ्यावर कुणी काही भलतंच लिहिलं की आतली अहिराणी एकदम वर यायची. "हाई कुठून उनं?" म्हणजे, हे कुठून आलं? ओझरच्या पलीकडे कधी न गेलेली पंचवटीतली पोरं मेच्या अखेरीला एकमेकांचा डबा उघडून तोच प्रश्न विचारू लागत.

सरांच्या वर्गाचा खरा कणा म्हणजे चूक-वही. पहिल्या दिवशी प्रत्येकाने एक कोरी शंभर पानी वही आणायची आणि त्यात फक्त चुकलेली गणितं लिहायची. बरोबर आलेलं गणित वहीत लिहायला मनाई. चुकलेलं गणित जसंच्या तसं उतरवायचं, खाली कुठे आणि कशी चूक झाली ते एका वाक्यात लिहायचं. खाडाखोड चालेल, पण पान फाडायचं नाही. पान फाडण्याला सरांच्या राज्यात क्षमा नव्हती. आणि वर्ग संपायच्या दिवशी त्या उन्हाळ्यातल्या सगळ्यांत चांगल्या चुकीला बक्षीस, एक नवी कोरी कंपासपेटी. चांगली चूक म्हणजे जी बघून बाकीच्यांना काहीतरी नवीन कळलं अशी चूक. निवड मुलांनी हात वर करून करायची, सरांनी त्यात तोंड घालायचं नाही.

पालकांना हे पचायला जड जाई. एकदा एक वडील चिरंजीवांची वही घेऊन तावातावाने आले. स्वतः इंजिनिअर होते. पंधरा दिवस झाले, वहीत एकही गणित बरोबर नाही, तुम्ही शिकवता तरी काय, असा त्यांचा सवाल होता. सरांनी वही चाळली, एक पान त्यांच्यासमोर धरलं आणि यात चूक कुठे आहे ते दाखवा म्हणाले. इंजिनिअर साहेबांनी बराच वेळ पाहिलं. शेवटी त्यांनी जी जागा दाखवली ती बरोबर होती, आणि चूक तिच्या वरच्या ओळीत होती. सरांनी खणातून एक कोरी वही काढून त्यांच्या हातात ठेवली आणि अगदी अदबीने म्हणाले, "सातला सुरू होतो वर्ग." ते गृहस्थ पुन्हा आले नाहीत, पण मुलगा महिनाभर एक दिवस न चुकता आला.

आता बक्षीस म्हटलं की लबाडी आलीच. एका वर्षी ओंकार नावाच्या पोराने कंपासपेटीवर डोळा ठेवून घरी बसून चौदा भारी चुका तयार केल्या. एकेक अशी सजवलेली की वाचताना मजा यावी. सरांनी दोन पानं उलटली आणि वही मिटली. या सगळ्या खोट्या आहेत, म्हणाले. ओंकार शपथा घेऊ लागला. सर म्हणाले, "अरे, खरं चुकणारा माणूस आधी स्वतःला बरोबर समजत असतो. तू प्रत्येक ठिकाणी आधीपासून लाजलेला दिसतोस." मग त्या चौदा चुका कशा बनवल्या ते त्यांनी त्यालाच फळ्यावर समजावून सांगायला लावलं. समजावता समजावता तो पंधराव्या ठिकाणी खरोखर चुकला. ती मात्र सरांनी मोठ्या प्रेमाने वहीत लिहून घेतली.

नियम असा होता की शेवटच्या दिवशी सरांनीही आपली एक चूक वाचून दाखवायची. इथे मात्र सर हात आखडता घेत. त्यांच्या चुका साधारण अशा असत : बारा तारखेला छत्री वर्गात विसरलो. फळ्यावर सात आणि आठ सोळा लिहिले, पण पुसायच्या आत लक्षात आलं. पोरं ओरडायची की ही काय चूक झाली, गणितातली सांगा. सर मान हलवून म्हणत, गणितातली अजून सापडलेली नाही, सापडली की सांगतो. हे ते अजिबात विनोदाने म्हणत नसत. इतरांच्या चुकांवर इतका जीव असलेल्या माणसाकडे स्वतःची एकही नसावी, याची आम्ही पाठीमागे भरपूर चेष्टा केली. मी तर पुढाकार घेऊन केली.

सरांच्या दोन म्हणी होत्या, दोन्ही स्वतः घडवलेल्या. पहिली, "पहिलं बटण चुकलं की शर्ट वाचायचा नाही." म्हणजे गणिताची पहिली ओळ चुकीची दिसली की ते पुढचं पाहतच नसत, सरळ लाल फुली मारत. त्यामुळे चाळीस वह्या त्यांच्या अर्ध्या तासात तपासून होत आणि मला त्यांचा हेवा वाटे. दुसरी म्हण याहून कडक होती. उत्तर बरोबर पण रीत चुकलेली असली की ते वर लाल अक्षरात लिहीत, 'चुकून बरोबर'. चुकून बरोबर येणं ही त्यांच्या लेखी सगळ्यांत वाईट चूक. चोरापेक्षा वाईट, म्हणत. चोराला निदान आपण काय केलं ते माहीत असतं.

याच दोन म्हणींनी मिळून सरांना गाठलं, ती गोष्ट साक्षीची.

साक्षीला तिची आई घेऊन आली, वर्ग सुरू होऊन चार दिवस झाल्यावर. मखमलाबादकडे त्यांचा झेंडूचा आणि शेवंतीचा मळा. आई फुलबाजारातून परस्पर आली होती, बोटं पिवळी, डोक्यावरचा पदर घामाने चिकटलेला. मुलगी तिच्या मागे उभी, बघणारा तिलाच फुलांची पाटी समजून उचलेल इतकी गप्प. नववीत गणितात अकरा गुण आणि कसंबसं वर ढकललेलं. आई सरांना म्हणाली, "सर, ही म्हणती मला गणित नाय जमत, शाळाच नको. मळ्यात काम करते म्हणती. तिचा बाप बी म्हणतो, ऱ्हाऊ दे. मीच म्हणलं, एक महिना बघू. तुमच्याकडं बी नाय जमलं, तर मग मी बी बोलायची नाय."

सरांनी नेहमीसारखी मान डोलावली आणि नावासमोर मागच्या वर्षीचे गुण लिहून घेतले. हे ते सगळ्यांचे लिहीत. मला ती बाई लक्षात राहिली, कारण जाताना तिने मुलीच्या पाठीवरून हात फिरवला आणि मग स्वतःच्या बोटांचा पिवळा डाग तिच्या पांढऱ्या ओढणीला लागलेला बघून जीभ चावली.

साक्षी सर्वांत मागे बसायची. आठवडाभर तिचा आवाज कुणी ऐकला नाही. माझ्या तासाला मी विचारलं की ती उभी राहायची आणि मी बस म्हणेपर्यंत तशीच उभी असायची. पण येत मात्र होती, आणि चूक-वहीची पानं भरत होती.

मग एके दिवशी सरांनी ते वाटांचं गणित घातलं. वीस मीटर लांब, पंधरा मीटर रुंद बाग. बागेच्या मधोमध, एक उभी आणि एक आडवी, अशा एकेक मीटर रुंदीच्या दोन वाटा. लावणीला जागा किती उरली? रीत सगळ्यांना माहीत असते. पूर्ण बाग तीनशे चौरस मीटर. एक वाट वीस, दुसरी पंधरा, आणि दोन्ही जिथे एकमेकींना छेदतात तो एक चौरस मीटर दोनदा मोजला गेला म्हणून वजा. वाटांची जागा चौतीस, उरली दोनशे सहासष्ट. ते एक वजा करायला निम्मा वर्ग विसरतो, आणि सरांना नेमकं तेच हवं असतं.

साक्षीच्या वहीत एकच ओळ होती. एकोणीस गुणिले चौदा बरोबर दोनशे सहासष्ट.

मी तेव्हा दारातच उभी होते. सरांनी ओळ पाहिली, वहीवरचं नाव पाहिलं आणि विचारलं, "हाई कुठून उनं?" पोरं हसली. ती हसणारी पोरं वाईट नव्हती, रोजच्या सवयीने हसली. साक्षीने तोंड उघडलं, 'बांध' असं काहीतरी पुटपुटली आणि पुन्हा मिटलं. सरांनी एक क्षण वाट पाहिली असेल नसेल. उत्तर शेजारचं आणि रीत कुणाचीच नाही, असं म्हणून त्यांनी वर लाल पेनने लिहिलं, 'चुकून बरोबर', आणि चूक-वहीत उतरवून घ्यायला सांगितलं. तिने ते मान खाली घालून उतरवलं. खाली 'कुठे चुकलं' या जागी तिने काय लिहिलं ते मला नंतर दिसलं. लिहिलं होतं, 'मला माहीत नाही.'

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी सरांना विचारलं तर म्हणाले, येईल, लग्नसराई आहे, फुलांचं काम असेल. चौथ्या दिवशी तिच्या आईचा मला फोन आला. बाई, तिचं नाव काढून टाका, असं तिने सांगितलं. आवाज अगदी सरळ होता, रागाचा नव्हता, त्यामुळे मला जास्तच लागलं. मी सरांना तसं कळवलं. ते नुसतं हं म्हणाले आणि खडूला कागद गुंडाळत बसले.

त्याच दुपारी साडेबाराला सरांचा फोन. दुपारी साडेबाराला सर कुणाला फोन करत नसत, त्या वेळी ते गच्चीवर असत. मे महिन्यात वहिनींच्या, म्हणजे सरांच्या पत्नींच्या, बिबड्या चालत. ज्वारीच्या त्या पापडांचं वाळवण गच्चीभर पसरलेलं असे आणि कावळ्यांपासून ते राखायला छत्रीखाली सरांची नेमणूक. चाळीस पोरांवर वचक असलेल्या माणसाला एक कावळा दाद देत नसे, हे वहिनी सगळ्यांना सांगायच्या. तर सर फोनवर म्हणाले, "बाई, तुमची गाडी चालू आहे का? मला मखमलाबादला जायचंय."

मला वाटलं ऊन लागलं. मी हिरावाडीत पोचले तर सर छत्री घेऊन फाटकात उभे, आणि वहिनी मागे कपाळाला हात लावून. झालं होतं असं की गच्चीवर वाळवणाची चार जुनी लुगडी चार कोपऱ्यांत पसरली होती आणि मध्ये फुलीसारखी चालायची वाट सोडली होती. वहिनींचा पदर येता-जाता बिबड्यांत अडकायला लागला, तेव्हा त्यांनी सरांना फर्मावलं की ही चारही लुगडी एकमेकांना भिडवून एका कोपऱ्याला ओढा, वाट कठड्याच्या कडेने निघेल. जागा तेवढीच लागेल, पण पाय मोकळे राहतील. सरांनी तीन लुगडी ओढली. चौथं हातात धरून ते थांबले, ते थांबलेच. कावळ्यांनी काम साधलं. वहिनी म्हणाल्या, हे बिबडीवर पाय देऊन उभे होते आणि एकोणीस, चौदा, एकोणीस, चौदा असं म्हणत होते.

दोन्ही वाटा कडेला सरकवल्या की मध्ये उरतो तो एकोणीस बाय चौदाचा सलग तुकडा. संपलं गणित. मळ्यातल्या मुलीने वाट बांधाला नेली होती, तिच्या घरी वाफे असेच पाडतात.

सर माझ्यामागे स्कूटीवर बसले. आयुष्यात पहिल्यांदा. एका हाताने त्यांनी मागची दांडी धरली आणि दुसऱ्या हाताने उघडी छत्री. छत्री मिटा, असं मी तीनदा सांगितलं. मखमलाबाद रोडला ट्रक शेजारून गेला की छत्री आम्हा दोघांना घेऊन द्राक्षबागेच्या दिशेने निघायची. सर डोळे मिटून बसले होते, हे मला आरशात दिसत होतं. एवढ्यातही ते बोलत होते. म्हणाले, "बाई, ही रीत मला माहीत होती हो. मी स्वतः कधीकाळी शिकवलेली आहे. मी गणित वाचलंच नाही. अकरा गुण वाचले." इतक्या वर्षांत त्यांची चेष्टा करायची एकही संधी मी सोडली नव्हती, पण ती मात्र सोडली आणि रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिले.

मळ्याच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये मायलेकी क्रेटमधली फुलं निवडत बसल्या होत्या. आम्हाला बघून आई गडबडीने उठली, पाणी आणायला गेली. साक्षी उठून उभी राहिली आणि तशीच उभी. सरांनी छत्री मिटली, घाम पुसला. वर्गातलं ते इस्त्रीचं मराठी कुठे गेलं होतं कोण जाणे.

"साक्षी," ते म्हणाले, "तुझ्या वहीत माझी एक चूक राहिली आहे. ती परत न्यायला आलोय."

तिला काही कळेना. सरांनी फुलं सारून मातीत काटकीने बाग काढली, दोन वाटा काढल्या, आणि तिच्याकडे पाहिलं. तिने वाकून बोटाने दोन्ही वाटा पुसल्या आणि कडेला नेऊन ओढल्या. सर म्हणाले, हे बरोबर आहे, पहिल्यापासून बरोबर होतं, आणि त्यावरचं लाल अक्षर माझं आहे. ते पान मला दे.

साक्षी क्रेटमागून वही घेऊन आली. नाव काढायला सांगितलं होतं तरी वही तिने हाताशीच ठेवली होती, हे माझ्या नजरेतून सुटलं नाही. सरांनी हात पुढे केला. तिने वही छातीशी धरली आणि आम्ही ऐकलेलं तिचं पहिलं पूर्ण वाक्य बोलली.

"पान फाडायचं नाय सर. तुम्हीच सांगितलंय."

सरांचा हात तसाच राहिला. आपल्याच नियमात इतका सापडलेला माणूस मी पाहिलेला नाही. आई तांब्या घेऊन दारात थबकली होती. सर म्हणाले, मग उद्या वही घेऊन ये, मला ती वर्गात वाचायची आहे. साक्षी म्हणाली, वही आईबरोबर पाठवते. तेव्हा सर एकदम हळू आवाजात म्हणाले, "अक्षर तुझं आहे बेटा. मला लागायचं नाही. तूच लागशील."

ती हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही. परतताना सरांनी छत्री मिटून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी सात वाजता मागचं बाक रिकामं. मी त्या दिवशी मुद्दाम सातलाच गेले होते. सर कधी हजेरी घेत नसत, त्या दिवशी त्यांनी घेतली, नाव आणि आडनाव दोन्ही सावकाश उच्चारत. मग फळा पुसला. मग पुसलेला फळा पुन्हा पुसला. सव्वासात झाले. ओंकारच्या धाकट्या बहिणीने विचारलं, सर, आज गणित नाही का? सर म्हणाले, आहे, वहीची वाट बघतोय. साडेसातला फाटकाशी टेम्पो थांबला, फुलांचे क्रेट भरलेला, आणि त्यातून साक्षी उतरली. आई खाली उतरली नाही, तिथूनच बघत राहिली. टेम्पो बराच वेळ हलला नाही.

सरांनी ती वही दोन्ही हातांनी घेतली आणि उभ्या उभ्या वाचली. गणित वाचलं, लाल अक्षर वाचलं, आणि 'कुठे चुकलं' या खालचं 'मला माहीत नाही' हेही वाचलं. मग म्हणाले, "इथे मी चुकलो. मी पहिली ओळ वाचली आणि पुढे विचारलं नाही. मी गणित तपासलं नाही, मुलगी तपासली." मग त्यांनी खडू साक्षीला दिला आणि स्वतः तिच्या बाकावर जाऊन बसले. ती फळ्याशी गेली. आवाज जेमतेम पहिल्या बाकापर्यंत पोचत होता. म्हणाली, मळ्यात मधून वाट कुणी ठेवत नाय, पाणी मोडतं, पुढं जात नाय. वाट बांधाला न्यायची. सर मागच्या बाकावरून म्हणाले, मोठ्याने बोल, मला ऐकू येत नाही. सरांना सगळं ऐकू येत होतं, एरवी ते व्हरांड्यातली माझी पुटपुटही पकडायचे.

मेच्या अखेरीला कंपासपेटीसाठी हात वर झाले तेव्हा चर्चेला फारशी जागा नव्हती. वर्गाने एकमताने त्या पानाला निवडलं. चूक सरांची, म्हणून पेटीही सरांची. सरांनी बराच युक्तिवाद केला, शिक्षक या नियमात बसत नाही वगैरे. पोरांनी पुठ्ठ्यावरचा मजकूर दाखवला, त्यात शिक्षक बसत नाही असं कुठे लिहिलेलं नव्हतं. साक्षीने पेटी त्यांच्या हातात दिली. सरांनी ती तिथेच उघडून परकार आणि कोनमापक बघितले, आणि आपण किती वर्षं गंजलेल्या पेटीवर चालवलं असं काहीतरी म्हणाले. डोळे पुसायला त्यांनी खडूचा हात वापरला, म्हणून दिवसभर एक भुवई पांढरी होती.

त्यानंतर वह्या तपासायला सरांना अर्धा तास पुरेना. दहा वाजायचे, माझा तास बुडायचा. मी तक्रार केली की म्हणत, बाई, शेवटच्या ओळीपर्यंत जावं लागतं हो. पहिल्या बटणाची म्हण पुन्हा कधी त्यांच्या तोंडी ऐकली नाही.

साक्षी दहावी झाली, गणित चांगलं निघालं. आता ती बीएस्सीला आहे आणि गेले दोन मे सरांचे गुडघे धरल्यामुळे पहिला तास तीच घेते. वाटांचं गणित ती घालते, पण बाग म्हणत नाही, मळा म्हणते.

यंदा सर आणि वहिनी लेकीकडे जळगावला कायमचे निघाले. मी आणि साक्षी नाशिक रोडला पोचवायला गेलो. साक्षीने झेंडूची मोठी पिशवी आणली होती, ती वहिनींनी बर्थखाली कशीबशी कोंबली. सर खिडकीशी बसले, गुडघ्यावर छत्री, खिशात तीन पेनं. निघायच्या चार गोष्टी बोलून झाल्या. मी म्हटलं, आता मे महिन्यात आम्ही कुणाला हसायचं. सरांनी हसून काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात समोरच्या बाकावरच्या एका लहान मुलीने सुट्टीच्या अभ्यासाची वही मांडीवर उघडली.

सरांनी मान तिरकी करून पाहिलं. त्यांची भुवई वर गेली. ही भुवई मला पाठ होती, तिच्या पाठोपाठ 'हाई कुठून उनं' येतं. पण ते काही बोलले नाहीत. चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा लावला, मुलीला विचारून वही हातात घेतली आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

गाडी हलली. वहिनींनी आम्हाला हात केला आणि सरांना कोपराने ढोसलं. मी हाक मारायला खिडकीबरोबर दोन पावलं चालले, तर साक्षीने माझा हात धरला.

"हाक नका मारू बाई. सर वाचतायत."

खिडकी पुढे सरकत गेली. सरांनी वर पाहिलं नाही. त्यांचं बोट तेव्हा तिसऱ्या ओळीवर होतं.